करविता कोण? : माजलगावच्या ओव्या, नाममुद्रा आणि यंत्राचा स्वामित्वहक्क

१

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियमात १९९४ साली झालेली आणि १० मे १९९५ पासून अमलात आलेली दुरुस्ती साहित्यविचाराच्या दृष्टीने एका विशेष कारणासाठी लक्षात घेण्याजोगी आहे. या एकाच दुरुस्तीने कायद्याच्या व्याख्याकलमात दोन नव्या व्यक्तींना प्रवेश दिला. पहिली व्यक्ती सादरकर्त्याची. नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीत कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांनाही बसवून कायद्याने मान्य केले की प्रत्यक्ष गाण्या-बोलण्यातून जे उभे राहते, त्यावर उभे करणाऱ्याचा काही हक्क असतो. दुसरी व्यक्ती संगणकनिर्मित कृतीच्या कर्त्याची. अशा साहित्यकृतीच्या, नाट्यकृतीच्या वा संगीतकृतीच्या बाबतीत जी व्यक्ती ती कृती निर्माण करवते तीच तिची कर्ती, असे ठरवण्यात आले. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात या तरतुदीचे पूर्वरूप सापडते.

या दोन व्यक्ती तेव्हा एकमेकींच्या वाटेत येण्याचे कारण नव्हते. गळ्यातून गाणारी व्यक्ती एका टोकाला होती, संगणकाकडून काही करवून घेणारी दुसऱ्या टोकाला. आज त्या समोरासमोर आल्या आहेत. निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता मानवी भाषेच्या प्रचंड साठ्यावर शिकते आणि त्या भाषेच्या धाटणीची नवी वाक्ये, नवी गाणी, नवे आवाज तयार करते. अशा वेळी कर्तृत्व कोणाकडे जाते, जिने गायिले तिच्याकडे की ज्याने करवले त्याच्याकडे, हा प्रश्न केवळ वकिलांचा राहत नाही. ‘लेखक म्हणजे कोण’ या समीक्षेच्या जुन्याच प्रश्नाचे ते व्यावहारिक रूप आहे. त्याची तपासणी करण्यासाठी बीड जिल्ह्यातील एक प्रकरण विशेष उपयोगी ठरते. कारण तेथे कायद्याची आणि साहित्यसिद्धान्ताची अशा दोन्ही व्यवस्थांची मर्यादा एकाच जागी उघडी पडते.

२

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतर्फे जात्यावरच्या ओव्यांचे संकलन १९८० च्या दशकात हाती घेतले. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण आणि संगणकीय वर्गीकरण झाले. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या स्त्रिया आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा हा संग्रह आहे. पॉइटवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्यानंतर २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाने तो टप्प्याटप्प्याने सार्वजनिक केला. याच संग्रहासाठी १९९६ साली माजलगावच्या भीमनगर या दलित वस्तीतील स्त्रियांकडून डॉ. आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध यांच्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या.

या ओव्यांची घडण लक्षात घेतल्याशिवाय पुढचा विचार होऊ शकत नाही. जात्यावरची ओवी बहुधा दोन चरणांची. पहिल्या चरणाचा मोठा भाग परंपरेने हाती दिलेला असतो : सखीला केलेले संबोधन, दारातले झाड, वाटेवरची गाडी, पहाटेची वेळ. दुसरा चरण गाणारीचा. तो पुष्कळदा आयत्या वेळी जुळवला जातो आणि त्यात तिचा भाऊ, तिचे लेकरू, तिचा गाव, तिचे दुःख शिरते. भीमनगरच्या स्त्रियांनी या जुन्या साच्यात एक नवे दैवत आणि नवा इतिहास बसवला. ज्या जागी विठ्ठल येत असे त्या जागी भीमराव आला. माहेरच्या आठवणीच्या जागी दीक्षेची आठवण आली. रूपबंध सर्वांचा, त्याला दिलेले वळण मात्र एका वस्तीचे आणि त्या वस्तीतील विशिष्ट स्त्रीचे, अशी ही रचना आहे.

या रचनेला कायदा लावून पाहिला तर तीन थर दिसतात. पहिला थर शब्दांचा. परंपरागत चरणाला कर्ता नाही. त्यामुळे त्यावर कोणाचा हक्क नाही. आयत्या वेळी जुळवलेल्या चरणावर गाणारीचा हक्क तत्त्वतः संभवतो, परंतु तो चरण तिचाच, शेजारणीकडून आलेला नव्हे, हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर पडते. दुसरा थर सादरीकरणाचा. १९९५ पासून हक्क अमलात आलेला, १९९६ ला गायन झालेले, आणि १९९९ च्या दुरुस्तीने मुदत पन्नास वर्षांची झालेली. म्हणजे या गायनावरील सादरकर्तीचा हक्क २०४६ सालाच्या अखेरीपर्यंत चालतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात सादरकर्ती म्हणून नाव लावून घेण्याचा आणि विकृतीकरण रोखण्याचा नैतिक हक्कही घातला. तिसरा थर ध्वनिमुद्रणाचा; त्याचा कर्ता कायद्याने निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रण करवणारी संस्था.

आता यंत्राच्या शिक्षणाकडे वळावे. भाषेचे यंत्र शिकते ते मुख्यतः लिखित मजकुरावर. ध्वनिमुद्रणातून उतरवून घेतलेले शब्द त्याला पुरतात. शब्द घेतले आणि आवाज सोडून दिला, की सादरकर्तीचा हक्क ज्या सादरीकरणाला चिकटलेला आहे ते सादरीकरण वापरलेच गेले नाही असे म्हणता येते. आणि शब्द तर परंपरेचे, म्हणून कोणाचेच नाहीत. शब्द कोणाचे नाहीत आणि आवाज वापरलाच नाही, या दोन विधानांच्या फटीतून माजलगावची गाणारी संपूर्ण निसटून जाते. ज्यांच्याकडे काही हक्क उरतो ते संग्राहक, अनुवादक आणि प्रकाशक. या विशिष्ट ओव्या कोणत्या यंत्राने वाचल्या हे येथे ठरवावयाचे नाही. यंत्राने काय वाचले याची तपशीलवार यादी मिळण्याची सोय नसेल, तर ते गाणारीला कळणारच नाही, हाच मुद्दा आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने प्रशिक्षणसामग्रीचा सारांश प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे; परंतु सारांशात संकेतस्थळाचे नाव येऊ शकते, गाणारीचे येण्याचा संभव नाही.

३

यावर एक सिद्धान्त पुढे केला जातो, आणि तो वरवर पाहता मौखिक परंपरेच्या बाजूचाच वाटतो. ओवी ही मुळातच जुळणी आहे. गाणारी ऐकलेले तुकडे नव्याने जुळवते. यंत्रही तेच करते. मग एकीला परंपरा म्हणायचे आणि दुसऱ्याला चोरी म्हणायचे, हा भेद कशाच्या आधारे? रोलाँ बार्थ यांनी १९६७-६८ च्या सुमारास लेखकाचा मृत्यू जाहीर करताना संहितेला असंख्य अवतरणांचे विणकाम म्हटले होते. त्या वर्णनात बसेल असे काही जगात आले असेल तर ते हे यंत्रच, असा या सिद्धान्ताचा निष्कर्ष. लेखकाला सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या समीक्षेने आता स्वामित्वहक्काच्या बाजूने उभे राहणे ही विसंगती ठरेल, असेही त्यात सुचवलेले असते.

हा युक्तिवाद मराठी परंपरेच्या कसोटीवर टिकत नाही. बार्थ ज्या लेखकाच्या विरोधात बोलत होते तो लेखक अठराव्या शतकातील युरोपीय मुद्रणव्यवसायाने आणि १७१० च्या इंग्रजी कायद्यापासून सुरू झालेल्या मालकीहक्काने घडवलेला होता. मराठीत कर्तृत्वाची खूण त्याहून जुनी आहे आणि तिचे कार्य वेगळे आहे. ती खूण म्हणजे नाममुद्रा. संतकवी आपल्या बोलण्याचे श्रेय देवाकडे किंवा गुरूकडे सोपवतो आणि तरीही शेवटच्या चरणात स्वतःचे नाव घालतो. यात विसंगती नाही. कारण ते नाव मालकी सांगण्यासाठी आलेले नाही. ‘या शब्दांचा जाब विचारायचा असेल तर तो मला विचारा’, असे ते सांगते. मिशेल फूको यांनी १९६९ साली दाखवून दिले की युरोपातही ग्रंथांना खऱ्या अर्थाने लेखक मिळाले ते लेखन शिक्षेस पात्र ठरू लागले तेव्हा. मालकी नंतर आली. नाममुद्रेचा अर्थ या विवेचनाला अधिक जवळचा आहे. नाव म्हणजे आधी उत्तरदायित्व, मग श्रेय, आणि लाभ सर्वांत शेवटी.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. तीन शतकांच्या प्रवासात ग्रंथात पाठभेद आणि प्रक्षेप शिरले होते. एकनाथ स्वतः समर्थ कवी. त्यांना ओवी रचणे अशक्य नव्हते. तरी त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात आपली ओवी मिसळण्याचा स्पष्ट निषेध केला. त्यांच्या काळी कोणताही स्वामित्वहक्क नव्हता आणि ज्ञानेश्वरी ही सर्वांची होती. म्हणजे ग्रंथ सर्वांचा असणे आणि त्यातील शब्द कोणाचे हे राखणे, या दोन गोष्टी मराठी वाङ्मयव्यवहाराने कधी परस्परविरोधी मानल्या नाहीत.

बीड जिल्ह्यालाही या राखणीचा अनुभव आहे. अंबाजोगाई ही मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी मानली जाते. ‘विवेकसिंधु’चा शके १११० हा काळ खरा की नंतरचा, मुकुंदराज अंबाजोगाईचे की विदर्भातील अंभोऱ्याचे, यावर अभ्यासकांनी केलेला वाद हा केवळ स्थानाभिमानाचा वाद नाही. कोणते शब्द कोणी, कोठे, कधी उच्चारले याची खात्री केल्याशिवाय भाषेचा इतिहासच लिहिता येत नाही, ही त्यामागची जाणीव आहे. दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी जतन करताना तिच्यातील मजकुराइतकीच ती वस्तूही मोलाची मानली गेली, त्यामागेही हीच जाणीव दिसते.

या पार्श्वभूमीवर ओवीतील जुळणी आणि यंत्रातील जुळणी यांचा भेद सांगता येतो. ओवी जुळवणारी स्त्री ऐकणाऱ्यांसमोर बसलेली असते. तिने कोणाकडून ऐकले हे जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेलीला ठाऊक असते. सासूबद्दलची ओवी सासूच्या कानावर जाऊ शकते. भीमरावांची ओवी गावातल्या इतरांच्या कानावर जाऊ शकते आणि १९९६ च्या मराठवाड्यात त्याला काही अर्थ होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. एका नावासाठी सोळा वर्षे गेली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी भीमनगरच्या स्त्रिया ध्वनिमुद्रकासमोर आपले नाव सांगून भीमरावांचे नाव गात होत्या. त्या नावांना ‘परंपरेचा अनाम आवाज’ म्हणणे म्हणजे ज्या गोष्टीसाठी संघर्ष झाला तीच गोष्ट पुन्हा पुसून टाकणे होय.

यंत्राच्या जुळणीला ऐकणाऱ्यांचे हे मंडळ नसते. प्रशिक्षणात मजकूर असंख्य लहान तुकड्यांत विभागला जातो आणि त्यांच्यातील संबंध आकड्यांच्या रूपाने साठतात. बाहेर पडणारी ओळ कोणत्या उगमाची, हे सामान्यतः परत शोधता येत नाही. शिवाय ओवीच्या शब्दांत गाणारीचे स्वतःचे नाव क्वचितच असते; ते संग्रहाच्या नोंदीत असते. नोंद बाजूला पडून शब्द तेवढे घेतले गेले, की तिचे नाव सर्वांत आधी गळते. अभंगातील नाममुद्रा निदान यंत्राच्या आतवर पोचते. ओवीतील नाव दाराबाहेर राहते. साहित्यप्रकाराच्या घडणीतच असमानतेचे बीज आहे आणि यंत्र ते कित्येक पटींनी वाढवते.

‘जी व्यक्ती निर्माण करवते ती कर्ती’ या १९९४ च्या सूत्राचीही येथे परीक्षा होते. करवणे हेच कर्तृत्व मानले, तर ‘बाई, एखादी ओवी म्हणा’ अशी विनंती करणारा संशोधक त्या ओवीचा कर्ता ठरला पाहिजे. हे कोणीही मान्य करणार नाही. संशोधकाने प्रसंग निर्माण केला, ओवी नव्हे. मग यंत्राला दोन ओळींची आज्ञा देऊन ओवीसदृश रचना मिळवणाऱ्याला कर्ता म्हणण्याचा आधार अधिक बळकट कसा? अमेरिकेत स्टीफन थेलर यांच्या प्रकरणात अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये यंत्राला कर्ता मानण्यास नकार दिला. भारतीय सूत्र यंत्राला कर्ता म्हणत नाही. ते करवित्याला कर्ता म्हणते. परंतु ज्यांच्या भाषेवर यंत्र शिकले त्यांच्याबद्दल दोन्ही व्यवस्था सारख्याच मौन आहेत.

४

नियमनाचे जे प्रयत्न सुरू आहेत ते या मौनाला किती भेदतात? एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रशिक्षणासाठी मजकूर साठवणे हा भंग आहे का, आणि कलम ५२ मधील न्याय्य वापराचे अपवाद त्याला लागू होतात का, हे त्यातील मूलभूत प्रश्न आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने एक प्रस्ताव प्रसिद्ध केला. कायदेशीर मार्गाने उपलब्ध असलेला सर्व मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याचा सक्तीचा परवाना, आणि त्याच्या मोबदल्यात एका मध्यवर्ती संस्थेमार्फत हक्कधारकांना मानधन, असे त्याचे स्वरूप आहे. नकार देण्याचा अधिकार त्यात नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने व्यापारी स्वरूपाच्या मजकूर-उत्खननाला परवानगी देताना हक्कधारकाला नकाराची मुभा ठेवली होती. भारतीय प्रस्ताव नकाराच्या जागी पैसा ठेवतो.

पैसा कोणाला, याचे उत्तर अमेरिकेतील एका तडजोडीत दिसते. अँथ्रॉपिक या कंपनीविरुद्ध लेखकांनी केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकवणे न्याय्य वापरात बसवले, मात्र अनधिकृत प्रती जमवून त्यांचे ग्रंथालय करणे बसवले नाही. पुढे १५० कोटी डॉलरची तडजोड झाली. तिचा लाभ ज्यांच्या ग्रंथांची विहित मुदतीत स्वामित्वहक्क कार्यालयात नोंदणी झाली होती त्यांनाच मिळण्याजोगा होता. नोंदणी नाही तेथे मोबदला नाही. भारतातील मानधनही हक्कधारक म्हणून पुढे येऊ शकणाऱ्यांकडेच वाहणार. ज्या स्त्रीचा शब्द कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नाही, तिच्या दारी ते पोचण्याचा मार्ग प्रस्तावात दिसत नाही.

आवाजाच्या बाबतीत न्यायालये अधिक तत्पर ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजीत सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना यंत्राने घडवलेल्या प्रति-आवाजांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. पण त्यांचा पाया व्यक्तिमत्त्वहक्काचा, म्हणजे प्रसिद्धीमुळे आवाजाला आलेल्या ओळखीचा आहे. आशाबाईंचा आवाज ओळखू येतो म्हणून त्याचे रक्षण होते. भीमनगरच्या जात्याचा आवाज त्या वस्तीबाहेर कोणाला ओळखू येत नाही. म्हणून त्याची नक्कल झाली तरी भंग झाल्याचे कोणास जाणवणार नाही. रक्षणाची कसोटी कीर्ती असेल तर अकीर्तित आवाज कायमचे कच्चा माल राहतील.

शासनाच्या भाषिणी प्रकल्पात नागरिकांकडून आवाज आणि वाक्ये मिळवण्याच्या उपक्रमाला ‘भाषादान’ असे नाव आहे. या शब्दाचाही विचार व्हावा. दान देणाऱ्याला आपण काय देतो हे ठाऊक असावे लागते, ते त्याचे असावे लागते, आणि घेणाऱ्याचे नाव माहीत असावे लागते. हेतुपुरस्सर वाक्य वाचून देणारा नागरिक दाता आहे. १९९६ साली संशोधनासाठी गायिलेली ओवी पुढे यंत्राच्या शिक्षणात गेली, तर त्याला दान म्हणता येणार नाही. कायद्याच्या कलम ३९ नेही प्रामाणिक अध्यापन आणि संशोधन यांसाठी केलेले मुद्रण वेगळे काढले आहे. एका हेतूसाठी दिलेली संमती सर्व हेतूंना पुरते, असे हा भेद करणाऱ्या कायद्याला म्हणता येणे कठीण आहे.

५

या भूमिकेवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप लोकपरंपरेच्याच बाजूने येतो. ओवीवर हक्क बसवला तर तिचे कुंपण होईल. शेजारणीने शेजारणीची ओवी उचलणे हाच ओवीचा जीवनक्रम आहे; आंबेडकरी गाण्याला तर पसरण्यातच सार्थक वाटते. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मालकीहक्काचा विस्तार हा उपाय होऊ शकत नाही. संस्थेला, जातीला किंवा राज्याला ओवीचा मालक करणे म्हणजे कुंपण घालणाऱ्याचे नाव बदलणे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या आंतरशासकीय समितीत लोकाभिव्यक्तीच्या संरक्षणाची चर्चा २००० पासून चालली आहे. तिच्या मार्गातील एक मोठी अडचण हीच आहे.

परंतु पसरणे आणि नाव राखणे यांत निवड करावी लागते हे गृहीतच चुकीचे आहे. वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्रभर असंख्य गायकांनी गायिली. शेवटच्या कडव्यात वामन हे नाव राहिले आणि गाणे पसरण्यात त्याने अडथळा आणला नाही. जलशाच्या परंपरेने मालकी न मागता मुद्रा मागितली. नियमनानेही हेच मागितले पाहिजे. सार्वजनिक संग्रहातील मौखिक वाङ्मय प्रशिक्षणासाठी घेताना शब्दांबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि साल घेणे बंधनकारक असावे. मूळ संमतीचा हेतू बदलत असेल तर गाणारीला, आणि ती हयात नसेल तर तिच्या वस्तीला, विचारावे आणि नकाराला जागा असावी. करवून घेतलेल्या रचनेवर तशी स्पष्ट नोंद असावी, म्हणजे उद्याच्या संग्राहकाला यंत्राची ओवी आणि बाईची ओवी वेगळी ओळखता येईल. यातली तिसरी अट समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत निकडीची आहे. एकनाथांपुढे तीन शतकांचे प्रक्षेप होते. यंत्र तेवढे प्रक्षेप अल्पावधीत घालू शकते, आणि तेही ओवीच्या अचूक साच्यात.

समीक्षेनेही येथे आपला हिशेब तपासावा. लोकवाङ्मयाला ‘अनाम’, ‘अपौरुषेय’, ‘समूहमनाचा उद्गार’ ही विशेषणे प्रथम अभ्यासकांनी लावली. गौरव म्हणूनच लावली. त्या गौरवाचा कायदेशीर अनुवाद ‘कोणाचेही नाही, म्हणून कोणीही घ्यावे’ असा होऊ शकतो, याची कल्पना तेव्हा नव्हती. राईरकर आणि पॉइटवँ यांच्या संग्रहाने प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आणि गाव जोडून या विशेषणांना शांतपणे उत्तर दिले होते. भीमनगरच्या गायनावरील कायद्याची मुदत २०४६ साली संपेल. नाव लावण्याची जबाबदारी मुदतीवर अवलंबून नाही. ती कायद्याआधीही होती आणि कायद्यानंतरही राहणार आहे.